‘वय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आपल्या घराघरांत एक उत्तर कायम तयार असते. आजीचे गुडघे दुखतात? वय झालं. आबांना बांधावरून चालत येताना धाप लागते? वय झालं. मामंजी कालपासून काहीतरी असंबद्ध बोलू लागलेत? वय झालं, आता असं चालायचंच. हे उत्तर मोठे सोयीचे आहे. ते एकदा दिले की पुढे काही करावे लागत नाही. दवाखाना नको, एस.टी.चे भाडे नको, तपासणीचा खर्च नको. म्हातारी माणसे स्वतःही हेच म्हणतात, कारण सोयाबीन काढणीला आलेले असताना मुलाला दवाखान्याच्या खेपा घालायला लावणे त्यांच्या जिवावर येते.

या उत्तरात थोडे खरे आहेच. पण त्या दोन शब्दांच्या पोत्यात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एक खरे वय, दुसरा रोग आणि तिसरा बसून राहिल्याने आलेला अशक्तपणा. पहिल्यावर इलाज थोडा आहे. बाकीच्या दोहोंवर पुष्कळ आहे. पोते ओतून ही निवड करायला डॉक्टरांना आणि संशोधकांनाही फार वर्षे लागली. ती हकिगत सांगण्याजोगी आहे, कारण जी चूक आपल्या ओसरीवर होते तीच मोठमोठ्या इस्पितळांतही होत होती.

आधी एक गोष्ट. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे वय किती, हाच मुळात एक प्रश्न असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकून दिली, म्हणून गावातल्या निम्म्या लोकांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. कोणी सांगतो, पानशेत फुटले तेव्हा मी पाळण्यात होतो, म्हणजे १९६१. कोणी सांगते, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मी दुसरीत होते, म्हणजे १९६७. कोणाचा हिशेब १९७२ च्या दुष्काळावरून चालतो. पण तारीख बरोबर असली तरी तिच्यावरून शरीराचे फारसे कळत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५८ पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात तीच ती माणसे दर काही वर्षांनी बोलावून पुनःपुन्हा तपासतात. एकेका माणसाच्या मूत्रपिंडाचे काम वर्षानुवर्षे मोजले, तेव्हा बहुतेकांचे वयाबरोबर कमी होत गेलेले दिसले. मात्र १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असेही होते की सुमारे एक तृतीयांश माणसांत ते मुळी कमी झालेलेच नव्हते. एकाच साली जन्मलेली दोन माणसे आतून सारखीच जुनी नसतात. एकाच साली घेतलेल्या दोन बैलगाड्यांचेही तसेच नाही का? एक अजून रस्त्यावर असते आणि दुसरीची धाव कधीच निखळलेली असते.

शंभर अधिक वय

आता रक्तदाबाचे पाहू. १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टराने दंडाला पट्टा बांधून आणि नळीने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे मोजण्याची रीत दाखवून दिली. लोकांचे रक्तदाब मोजले जाऊ लागले आणि लवकरच दिसून आले की वय वाढते तसा वरचा आकडाही वाढतो. जे बहुतेकांत दिसते ते साहजिकच असणार, असे मानले गेले. त्यातून एक सोपा हिशेब निघाला. शंभरात वय मिळवा, तेवढा रक्तदाब ठीक. चाळिशीत १४०, सत्तरीत १७०. हा हिशेब आजही गावोगाव ऐकू येतो.

त्यामागे एक तर्कही होता. उन्हात वर्षानुवर्षे पडलेला रबरी पाइप जसा ताठर होतो, तशा म्हातारपणी रक्तवाहिन्या ताठर होतात. मग मेंदूपर्यंत रक्त पोचायला जोर जास्त लागणारच. तो जोर औषधाने कमी केला तर मेंदूला रक्त कमी पडेल आणि म्हातारा चक्कर येऊन पडेल, अशी भीती होती. तर्क ऐकायला बरा आहे. पण ताठर पाइपात दाब वाढला की पाइप फुटतो, ही गोष्ट शेतकऱ्याला शिकवायला नको.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ च्या मार्च महिन्यात हॉवर्ड ब्रून नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६ आणि १०८ भरला. रूझवेल्ट तेव्हा ६२ वर्षांचे होते. त्यांच्या खासगी डॉक्टरांचे म्हणणे मात्र असे, की या वयाच्या माणसाला हे शोभणारेच आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्टांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि काही तासांतच ते गेले. त्या वेळी वरचा आकडा ३०० पर्यंत गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही आपल्या आजोबांसारखेच ‘वय झालं’ हे उत्तर मिळाले होते. अर्थात न्यायाने बोलायचे तर त्या काळी रक्तदाबावर चांगली औषधेही नव्हती. रोग म्हटला असता तरी हाती फारसे काही नव्हते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ साली, बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावात एक मोठे काम सुरू झाले. गावातली ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसे घेतली आणि दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे ठरवले. कोणाला काय झाले, कोण कशाने गेले, याची नोंद ठेवली. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही त्यात आली. या नोंदींतून एक गोष्ट लख्ख दिसली. वरचा आकडा जितका जास्त, तितका पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त. म्हाताऱ्यांना यात काही सूट नव्हती. उलट त्यांच्या बाबतीत वरचाच आकडा अधिक बोलका होता.

तरीही प्रश्न उरलाच. धोका आहे हे कळले, पण म्हाताऱ्याला गोळी दिल्याने तो टळतो का? याचे उत्तर मिळायला उशीर झाला, कारण औषधांच्या चाचण्यांत म्हाताऱ्यांना घेतच नसत. त्यांना इतर दुखणी असतात, मध्येच दगावतात, हिशेब बिघडतो, म्हणून वयाची मर्यादा घालून त्यांना बाहेर ठेवायचे. म्हणजे ज्यांना औषध सर्वांत जास्त लागायचे, त्यांच्यावरच त्याची पारख व्हायची नाही. मला ही गोष्ट फार विचित्र वाटते.

शेवटी अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ जणांवर चाचणी झाली. तिचा निकाल १९९१ साली आला. या सर्वांचा वरचा आकडा १६० च्या पुढे आणि खालचा ९० च्या आत होता. कृषी विद्यापीठात जसे एका वाफ्याला खत देतात आणि शेजारचा वाफा तसाच ठेवून तुलना करतात, तसेच इथे केले. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती मिळते हे रोग्यालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. पाच वर्षांत नुसत्या गोळीवाल्या शंभरांपैकी सुमारे आठ जणांना पक्षाघात झाला. औषधवाल्या शंभरांत तो सुमारे पाच जणांना झाला. औषध कोणते होते? लघवी वाटे मीठ-पाणी काढणारी एक जुनी, स्वस्त गोळी. ती पुरली नाही तरच दुसरी जोडायची.

मग लोक म्हणू लागले, साठी-सत्तरीचे ठीक आहे, पण ऐंशीच्या पुढे कशाला छळता? तीही परीक्षा झाली. अनेक देशांतल्या ८० वर्षांपुढच्या ३,८४५ जणांची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. ती ठरल्या वेळेआधीच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी होऊ लागले होते. मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटले. आता बाकीच्यांना औषधाविना ठेवणे योग्य नव्हते. ‘शंभर अधिक वय’ हा हिशेब त्या दिवशी खरे तर पुरला गेला. आपण अजून त्याचे वर्षश्राद्ध घातलेले नाही, एवढेच.

मग वयाबरोबर रक्तदाब वाढणे हे तरी अटळ आहे का? १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक त्यात होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नसतेच, आणि त्यांचा रक्तदाब म्हातारपणीही तरुणपणाइतकाच होता. इटलीतल्या उम्ब्रिया प्रांतात तर आणखी एक कुतूहलाची गोष्ट दिसली. तिथल्या एका मठातल्या १४४ जोगिणी आणि बाहेर संसार करणाऱ्या १३८ बायका यांचा रक्तदाब डॉक्टर वर्षानुवर्षे मोजत राहिले. मीठ दोघींच्याही जेवणात सारखेच होते. संसारी बायकांचा रक्तदाब वयाबरोबर चढत गेला. मठात मौन पाळून, ठरलेल्या वेळी काम आणि प्रार्थना करणाऱ्या जोगिणींचा तीस वर्षे जवळपास होता तिथेच राहिला. आता यावरून कोणी संसार सोडून जावे असे मी सुचवत नाही! शिवाय असा अभ्यास दोन गटांतला फरक दाखवतो, कारण कोणते ते पक्के ठरवू शकत नाही. पण वाढ ही काही पंचांगात लिहिलेली नसते, इतके यातून नक्कीच दिसते.

हे सारे परदेशातले झाले, आपल्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉक्टरांनी ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणे दोन वर्षे घरोघर जाऊन नोंदवली. ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या त्या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण काय निघाले? साथीचा ताप नव्हे की सर्पदंश नव्हे. पक्षाघात. ज्याला आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो तो. दर सात मृत्यूंमागे एक. यांतली बहुतेक माणसे घरीच गेली. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो तर दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

साठी बुद्धी नाठी?

ही म्हण आपण हसत हसत वापरतो. तिच्यामागची एक खरी हकिगत ऐका. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्ट नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना, नवऱ्यावर ती भलते संशय घेई, वस्तू कुठेतरी लपवून ठेवी. आलोइस आल्झायमर या डॉक्टराने तिच्याशी झालेले बोलणे बारकाईने लिहून ठेवले. १९०६ साली ती गेली, तेव्हा त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदूत विचित्र गुठळ्या आणि पेशींत धाग्यांचे गुंते दिसले. त्याने ते डॉक्टरांच्या सभेत मांडले, आणि १९१० साली या रोगाला त्याचे नाव मिळाले.

आता यातली खोच पाहा. ही बाई पन्नाशीची होती, म्हणून तिला ‘रोग’ झाला असे ठरले. तीच लक्षणे सत्तरीच्या माणसात दिसली की डॉक्टर म्हणत, हे म्हातारचळ, हे वय. मेंदूत तेच गुंते आणि त्याच गुठळ्या सापडत असूनही म्हणत. असे साठ-सत्तर वर्षे चालले. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन डॉक्टराने ठणकावून लिहिले, की पन्नाशीतला आणि ऐंशीतला हा रोग एकच आहे. त्याला वयाची रेघ मारून दोन नावे देऊ नका. त्यानंतर कुठे या रोगाच्या संशोधनाला पैसा आणि माणसे मिळू लागली. ज्याला ‘वय’ म्हणतात त्याच्यावर संशोधन करायला कोण पैसा देणार? रोग म्हटल्यावरच देतात.

या रोगाला पुरता बरा करणारे औषध अजून नाही. पण प्रत्येक विसरभोळा म्हातारा याच रोगाचा नसतो, आणि आपल्या घरी कामाची गोष्ट ती आहे. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की विसर पडतो, पायांना मुंग्या येतात. शाकाहारी घरांतल्या वृद्धांत हे बरेचदा असते. ते रक्ताच्या तपासणीने कळते आणि साध्या इंजेक्शनांनी भरून निघते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस सुस्त, थंड आणि विसरभोळा होतो. त्यावर रोज एक गोळी असते. कानाने कमी ऐकू येणाऱ्या आजी प्रश्नाला भलतेच उत्तर देतात, आणि आपण म्हणतो बुद्धी गेली. जोडीदार गेल्यावर मन उतरलेला म्हातारा बोलणे टाकतो, जेवणे टाकतो. तेही औषधाने आणि संगतीने सुधारते. गोठ्यात पाय घसरून डोके आपटलेल्या माणसाच्या मेंदूभोवती हळूहळू रक्त साचते, आणि तीन-चार आठवड्यांनी तो बरळू लागतो. तोवर पडल्याचे सगळे विसरून गेलेले असतात.

एक खूण मात्र पक्की लक्षात ठेवा. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदलला, रात्री उठून भलतेच बोलू लागला, आपली माणसे ओळखेनासा झाला, तर ते वय नव्हे. वय एका रात्रीत येत नसते. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातली साखर किंवा मीठ घटणे, नव्या औषधाचा त्रास, असे काहीतरी मागे असते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काही दिसले तर तासही दवडायचा नाही. गुठळीने झालेल्या पक्षाघातावरचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूचा फोटो काढून पाहावा लागतो. म्हणून १०८ ला फोन करून, ती सोय असलेल्या इस्पितळात थेट जावे.

खाटेवरचे तीन आठवडे

आता तिसरी गोष्ट, बसून राहण्याची. शेतकरी घरांत ती फार होते आणि मायेपोटी होते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर बोलतो. मुलगा कर्ता झाला की म्हणतो, “आबा, आयुष्यभर लई राबलात, आता आराम करा.” सून म्हणते, “आत्याबाई, तुम्ही नका उठू, मी देते हातात.” तांब्याही हातात, ताटही हातात. वर्षभरात आबांना ओट्यावरून उठताना खांबाचा आधार लागतो, आणि सगळे म्हणतात, बघा, वय झालं.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरी डॉक्टरांनी पाच धडधाकट तरुण निवडले. सगळे वीस वर्षांचे. त्यांना तीन आठवडे सक्तीने खाटेवर झोपवून ठेवले. आजार काही नाही, नुसती सक्तीची विश्रांती. तीन आठवड्यांनी त्यांची दमसास मोजली, तर ती धडाडून खाली आली होती. आपल्याकडे कोणालाही बरे नसले की ‘पडून राहा’ हाच उपदेश होतो, आणि डॉक्टरही तेव्हा तोच देत. त्या सल्ल्याला या पाच पोरांनी धक्का दिला.

पण खरी मौज पुढे आहे. १९९६ साली, तीस वर्षांनी, तेच पाचही जण पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे झाले होते, वजने वाढली होती, पोटे सुटली होती. पुन्हा तीच मोजणी केली. पाचांपैकी एकाचीही दमसास, तीन आठवडे झोपून उठल्यावर जितकी खालावली होती, तितकी तीस वर्षांत खालावलेली नव्हती. तीस वर्षांच्या वयाने जे केले नाही ते तीन आठवड्यांच्या खाटेने केले होते! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणे, धावणे, सायकल चालवणे असा व्यायाम दिला. आणि त्यांची दमसास विसाव्या वर्षी, झोपण्याआधी, होती तिथे परत आली.

पन्नाशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे, असे तुम्ही म्हणाल. तर बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातली १९९० साली प्रसिद्ध झालेली हकिगत पाहा. मारिया फियातारोने या डॉक्टरीणबाईंनी तिथले दहा अगदी अशक्त रहिवासी निवडले. सर्वांत लहान ८६ वर्षांचा, सर्वांत मोठा ९६ चा. आठवड्यातून तीन दिवस, पायांना वजन लावून पाय उचलायचा व्यायाम, देखरेखीखाली. लोकांनी नक्कीच त्यांना वेड्यात काढले असेल. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटींहून जास्त झाली. मांडीचे स्नायू भरले. दोघांनी तर काठी सोडली. नंतर व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत त्या ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघून गेला, हेही त्या बाईंनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

आपल्या घरात वजने आणि यंत्रे नकोत. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची किंवा उंच बाकडे घ्या. आजोबांनी त्यावरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि हळूच बसायचे. सुरुवातीला चार-पाच वेळा, मग जमेल तसे दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला जवळ कोणीतरी उभे राहावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि त्यांची कामे काढून घेऊ नका. शेळ्यांना पाला टाकणे, परसातल्या वांग्या-मिरचीला पाणी घालणे, शेंगा फोडणे, नातवाला शाळेत पोचवणे. जड ओझे नको, उन्हातली खुरपणी नको. पण पायांना रोज काम हवे. पोटालाही हवे ते द्या. म्हातारे माणूस नुसत्या पेजेवर ठेवले तर स्नायू कशाचे बनणार? डाळ, उसळ, दूध, परवडेल त्या घरात अंडे, हे त्यांच्या ताटात तरुणांइतकेच लागते. ‘म्हाताऱ्याला काय लागतं’ असे म्हणून दुधाची वाटी आधी त्यांचीच कमी होते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

मग खरे वय कोणते? तेही आहे. आपल्या भाषेने तर चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले आहे, आणि ते अचूक आहे. डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास सुईत दोरा ओवता येईनासा होतो. राजाचे होते, रंकाचेही होते. मोतीबिंदूही बहुतेक वयाचाच. पण वयाचा आहे म्हणून त्याच्यावर इलाज नाही असे मात्र नाही. ढगाळलेले भिंग काढून नवे बसवतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी नातवाचे तोंड ओळखतो. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात मागितले नाही तरी पाणी पुढे करावे लागते. मूत्रपिंडे बऱ्याच जणांची मंदावलेली असतात, म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेणे तरुणाहून म्हाताऱ्याला जास्त महागात पडते. त्या गोळ्या मूत्रपिंड बिघडवतात, पोटात रक्तस्राव करतात आणि रक्तदाबही वाढवतात. दुखण्यावरचा लेप, शेक आणि मांडीचे स्नायू बळकट करणे हे आधी.

तुमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर फुकट तपासण्याची सोय आहे. आशाताईंना विचारा. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत रक्तदाबाचे रुग्ण शोधून, त्यांची नोंद ठेवून सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या देण्याची खास योजना महाराष्ट्रात प्रथम सुरू झाली. मोजायला जाताना आजोबांना चालवत नेऊन लगेच पट्टा बांधू देऊ नका. पाच मिनिटे पाठ टेकून बसवा. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको. एकदा जास्त भरला म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. १४० किंवा ९० च्या वर सतत राहिला तर डॉक्टरांशी बोला. म्हाताऱ्या माणसाचा उभे राहूनही एकदा मोजायला सांगा, कारण काहींचा उभे राहताच घसरतो आणि ते पडतात. तसे असेल तर डॉक्टर गोळी बेताने देतात.

डॉक्टरांनीच जर ‘वय झालं, आता असंच’ म्हटले, तर नम्रपणे एकच विचारा: “हेच दुखणं चाळिशीच्या माणसाला असतं, तर तुम्ही काय तपासलं असतं?” चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

आणि गोळी सुरू झाल्यावर महिन्याभराने रक्तदाब १३० भरला, तर आजोबा हमखास म्हणतील, “आता बरं झालं, बंद करतो.” त्यांना सांगा, विहिरीवरची मोटर चालू आहे म्हणून पाट वाहतो आहे. मोटर बंद केली की पाटात पाणी किती वेळ राहते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.